बोगद्यात वारलेली बाई

माईचा लेक ज्या बोगद्यात लोकांना फिरवून आणायचा, तो एक बोगदा सोडून जगातलं काहीही तो आईला दाखवायला तयार होता. "आई, तुला एकदा समुद्र दाखवतो," तो म्हणायचा. समुद्र माईने कधी मागितलाच नव्हता. तिला बोगदा पाहायचा होता, आणि तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

"आत ओल असते गं. तुझे गुडघे आधीच कुरकुरतात," हे पहिल्या वर्षीचं कारण. दुसऱ्या वर्षी आत वटवाघळं आली. तिसऱ्या वर्षी दुरुस्ती निघाली. दुरुस्ती चालू असताना रोज बस भरभरून माणसं आत कशी जात होती, हे माईने विचारलं नाही, कारण लेक उत्तर द्यायला घरात थांबला नसता.

तो डोंगर म्हणजे लोखंडाच्या खनिजाची खाण. माईच्या नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं त्या डोंगराच्या पोटात काढली होती. माईने मात्र तो डोंगर फक्त बाहेरून पाहिला. बायकांना आत जायची बंदी होती. बाई आत आली की डोंगर बिथरतो, अशी पुरुषांची पक्की समजूत. सुरुंग लावून लावून त्या डोंगराची चाळण केली तेव्हा तो बिथरला नाही. बाईच्या चपलेचा आवाज ऐकून मात्र बिथरणार होता. पुढे खनिज संपलं, खाण बंद पडली, आणि काही वर्षांनी कोणाला तरी साक्षात्कार झाला की हा आपला ऐतिहासिक वारसा आहे. खाण चालू होती तेव्हा त्या लाल धुळीला लोक धूळ म्हणत. बायका ती कपड्यांतून काढता काढता म्हाताऱ्या झाल्या. आता तीच धूळ काचेच्या छोट्या बाटलीत भरून, बाटलीच्या गळ्याला फीत बांधून, बोगद्याच्या दारातल्या दुकानात विकायला ठेवली होती. माई ती बाटली पाहून इतकी हसली होती की दुकानदाराला वाटलं, आजींना ठसका लागला.

तर असं सगळं चाललं असताना वन्सं चार दिवस राहायला आल्या. वन्सं म्हणजे माईची नणंद, तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय झालं तरी कोणत्याही गोष्टीने डोळ्यांत पाणी यायची त्यांची सवय गेली नव्हती. त्या आल्या त्या दिवशीच म्हणाल्या, "वहिनी, माझ्या भावाने जिथे जन्म काढला ती जागा मी अजून आतून पाहिली नाही. भाचा रोज परक्या लोकांना नेतो, आणि सख्ख्या आत्याला नेत नाही म्हणजे काय?"

"तुम्हाला समुद्र दाखवेल तो," माई म्हणाली. "चला, आपलं आपण जाऊ. तिकीट काढलं की कोणाच्या बापाची चोरी?"

तिकिटाच्या खिडकीत माईची सूनच बसत असे. वन्संनी खिडकीत हात घालून सांगितलं, "दोन द्या. म्हाताऱ्यांना स्वस्तात असतं ना, त्यातली." सुनेने मान वर केली आणि तिचा चेहरा असा झाला, जणू खिडकीत सासू नाही, तर तपासणीला पोलीस उभे आहेत.

"आई! तुम्ही? आज?"

"आज काय आहे? बोगदा धुवायला काढलाय?"

सून खिडकी बंद करून मागच्या दाराने धावतच बाहेर आली. माईचा दंड धरून तिने तिला दुकानाच्या आडोशाला नेलं. "आई, आज मुख्य कचेरीतून साहेब आलेत. ह्याच फेरीत फिरणार आहेत ते. सगळं ऐकणार, आणि मग ठरवणार यांना कायम करायचं की नाही. नाही म्हणाले, तर पुढच्या महिन्यापासून हे घरी."

लेकाने आजवर पुष्कळ काही करून पाहिलं होतं. दुकान काढलं, ते बसलं. गाडी घेतली, ती रस्त्यात बसली. विमा विकायला निघाला, तेव्हा गिऱ्हाइकाच्या दु:खाने स्वतःच खाली बसला. उभा राहिला तो ह्या बोगद्यातच. लोकांपुढे बोलायचं त्याला चांगलं जमत होतं, आणि तो आवाज त्याने कोणाकडून घेतला होता ते सगळ्या वसाहतीला माहीत होतं. पण बोगद्यातली त्याची नोकरी हंगामी होती, आणि हंगाम कधीही संपला असता.

"मग चांगलंच की," माई म्हणाली. "साहेब ऐकतील, मीही ऐकेन."

"तेच तर नको आहे ना." सून जमिनीकडे पाहत म्हणाली. "आत ते जरा वेगळं सांगतात. लोकांना आवडेल असं. आई, हात जोडते, आत काहीही कानावर आलं तरी एक शब्द बोलू नका. तुम्ही त्यांची आई आहात हेसुद्धा कळू देऊ नका."

"अगं, मी काय कोणाच्या मध्ये बोलते?"

सुनेच्या लग्नात माईने लग्न लावणाऱ्याला भर मांडवात दोनदा दुरुस्त केलं होतं.

"नाही बोलणार," माई शेवटी म्हणाली. "तोंडाला कुलूप. किल्ली तुझ्याकडे."

सुनेच्या चेहऱ्यावरून तिला या कुलपाच्या कंपनीची खात्री वाटत असल्याचं दिसत नव्हतं. पण रांग वाढत होती. तिने दोन तिकिटं फाडून दिली.

दारात प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळं शिरस्त्राण चढवत होते. माईच्या नवऱ्याला उमेदवारीच्या काळात डोक्याला फडकं गुंडाळून आत पाठवत. आता खडा पडायचीही शक्यता उरली नव्हती तेव्हा सगळ्यांना टोप्या मिळत होत्या. वन्संची टोपी नाकावर आली. त्यांच्या पुढेच साहेब उभे होते. वयाने तसे तरुण, बूट असे चकाकणारे की आपला चेहरा त्यात पाहून केस विंचरावेत. त्या बुटांवर त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. लाल मातीची पाहणी करायला आलेला माणूस लाल माती लागू नये म्हणून एवढी काळजी घेतो, याचं माईला मोठं कौतुक वाटलं.

मग लेक आला. छातीवर बिल्ला, हातात विजेरी. "नमस्कार मंडळी! डोंगराच्या पोटात आपलं स्वा..." इथे त्याला आई दिसली. तिच्या शेजारी, टोपीखालून, आत्या दिसली. त्याचं 'स्वागत' तिथेच अर्धं लटकलं. माईने छताकडे पाहिलं, जणू आयुष्यात हा माणूस तिने कधी पाहिलेलाच नाही. लेकाने विजेरी या हातातून त्या हातात घेतली आणि 'गत' पूर्ण केलं.

आत गारवा होता. छतातून थेंब थेंब पाणी गळत होतं, मधोमध रुळांची जोडी गेली होती, आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे जाड टेकू उभे होते. माईने एका टेकूवरून हात फिरवला. तिचा हात लाल झाला. ती धूळ अजूनही तशीच होती, साबणाला दाद न देणारी. क्षणभर तिला वाटलं, घरी जाऊन पाणी तापवायला ठेवावं.

"या बोगद्यातून," लेक सांगत होता, "आपले शूर कामगार गाणी गात गात आत शिरायचे!"

माईने दात आवळले. गाणी! आत साधी शीळ घातली तरी मुकादम अंगावर धावून जायचा. सगळं काम कानावर चालायचं. पहारीने छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर पुढे जायचं, बदबद वाजलं तर मुकाट मागे फिरायचं. गाणी म्हणत शिरले असते तर सगळ्यांना दुसऱ्यांनीच बाहेर आणलं असतं, आडवं. शिवाय तिचा नवरा गायला लागला की घरातलं मांजर उठून शेजारी जायचं.

पण तोंडाला कुलूप होतं.

पुढच्या वळणावर पुतळे उभे होते. प्लास्टरचे चार कामगार, गोरेपान, दाढी केलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. एकाच्या हातात पहार अशी दिली होती जशी लग्नात नवऱ्यामुलाच्या हातात फुलं देतात. माईला हसू आवरेना, म्हणून तिने पदर तोंडावर धरला. खरे कामगार संध्याकाळी बाहेर पडत ते डोक्यापासून पायापर्यंत एकाच लाल रंगाचे. चेहरा ओळखायची सोयच नसे. बायका आपापला नवरा चालीवरून नाहीतर खोकल्यावरून ओळखत. एकदा एका बाईने भलत्याच पुरुषाला बडबड करत थेट घरापर्यंत नेलं. त्या पुरुषानेही वाटेत काही खुलासा केला नाही. म्हणाला, घरी गेल्यावर तशीच बोलणी खायची होती, म्हटलं इथे खाऊ.

"वहिनी, किती स्वच्छ राहायचे गं हे लोक," वन्सं पुतळे पाहून हळहळत म्हणाल्या.

"वन्सं, तुमच्या भावाचे कपडे कोण धूत होतं?"

"तू."

"मग?"

"तरी पण," वन्सं म्हणाल्या.

पुढे सुरुंगाचा खोटा आवाज झाला, लाल दिवे लागले, पोरांनी किंचाळून घेतलं. साहेब मोबाइलवर काहीतरी टिपत होते. लेकाचा आवाज आता चांगला तापला होता. भीती गेली होती, किंवा तिला बाजूला ठेवायचं त्याला जमलं होतं. माईला मनातून बरं वाटलं. थापा मारतोय, पण ठासून मारतोय.

आणि मग तो एका कोनाड्यासमोर थांबला. तिथे त्याने विजेरी विझवली, आणि आईकडे एकदा असं पाहिलं, जसं लहानपणी काच फोडल्यावर पाहायचा.

कोनाड्यात एक बाई उभी होती. कापडाच्या दुकानातली जुनी बाहुली असावी; लांब मान, मुठीत मावेल एवढी कंबर, आणि हातात मिणमिणता विजेचा कंदील. पायाशी लोकांनी फुलं, नाणी आणि चिठ्ठ्या ठेवल्या होत्या.

"मंडळी," लेक हळू आवाजात म्हणाला, "ही ती बाई. तिचा नवरा या बोगद्यात काम करायचा. रोज संध्याकाळी ती बोगद्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. ऊन असो, पाऊस असो. एक दिवस छत कोसळलं, आणि तो बाहेर आला नाही."

माईच्या कपाळाची शीर उडायला लागली. ही कंबर कोणाची हे तिला कळलं नव्हतं, पण ही बाई कोण ते कळलं. वसाहतीत रोज बोगद्याच्या तोंडाशी उभी राहणारी बाई एकच होती. बाकीच्या बायका पगाराच्या दिवशी येत.

"सात दिवस ती अन्नपाण्यावाचून उभी होती. मग तिने कंदील पेटवला. बायकांना बंदी असलेल्या या बोगद्यात शिरली. आणि ती पुन्हा कोणाला दिसली नाही."

कोणीतरी सुस्कारा सोडला. वन्सं हुंदके देऊन रडत होत्या.

"वन्सं," माई त्यांच्या कानाशी लागली, "तुमचा भाऊ निवृत्त होऊन, घरात, दिवा बदलताना स्टुलावरून पडून गेला. तुम्ही होतात तिथे. स्टूल तुम्हीच धरलं होतं."

"माहीत आहे गं," वन्सं नाक पुसत म्हणाल्या. "पण किती छान सांगतो!"

आता काय काय गिळायचं, हा माईपुढे प्रश्न होता. नवरा मारला, ते एक वेळ ठीक. तो गेलेलाच होता. पण हिला मारली, धडधाकट असताना, तीही उपाशी! गेली कित्येक वर्षं हा पोरगा रोज सकाळी तिच्या हातचं पोटभर खाऊन घराबाहेर पडत होता, आणि दिवसातून चार फेऱ्यांत चार वेळा तिला मारून संध्याकाळी परत जेवायला येत होता. गुडघे, वटवाघळं, दुरुस्ती, सगळ्यांचा उलगडा एकदम झाला. कुलूप आतून हलायला लागलं. तिने श्वास भरून घेतला. समोर उभी असलेली माणसं उडून पडतील असं काहीतरी तिच्या जिभेवर आलं होतं.

"तिचा एक लहान मुलगा होता," लेक म्हणाला. यावेळी तो लोकांकडे पाहत नव्हता. "त्याला ती बरोबर न्यायची. माणसं बाहेर पडायला लागली की ती त्याचा हात धरायची. इतका घट्ट, की त्याची बोटं पांढरी व्हायची. बाकी वेळी त्या बाईचं तोंड बंद नसायचं, पण तेव्हा ती एक अक्षर बोलायची नाही. गर्दीत नवऱ्याची चाल दिसली, की हात सोडायची. आणि मग जी शिव्या द्यायला सुरुवात करायची, ती घर येईपर्यंत."

माईचा भरलेला श्वास तसाच छातीत राहिला.

सगळ्या वसाहतीला तिने सांगितलं होतं की नवरा पत्त्यांच्या अड्ड्यावर पळू नये म्हणून ती तिथे उभी राहते. नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं. त्याने ते खरं मानलं, म्हणून तर तो तिच्यावर रोज चिडायचा. पण पत्ते तो सणासुदीलासुद्धा धड खेळत नसे. भोंगा वाजल्यापासून त्याची ती किंचित तिरपी चाल दिसेपर्यंत तिच्या मनात काय काय येऊन जायचं, ते तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तिला वाटत होतं, हे फक्त तिला ठाऊक आहे. पोराचा हात आपण धरतो हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

यावेळी कुलपाची गरज पडली नाही.

बोलले ते साहेब. "एक मिनिट. आमच्याकडे एक तक्रार आलेली आहे, की ही कथा तुम्ही रचलेली आहे. खरी आहे का ही?"

लेकाचा चेहरा अंधारातही उतरलेला दिसला. "म्हणजे, साहेब, ऐकीव... जुन्या माणसांकडून..."

"जुनी माणसं कुठे आहेत?" साहेबांची नजर फिरली आणि दोन पिवळ्या टोप्यांवर थांबली. "आजी, तुम्ही इथल्याच का? तुम्ही ओळखत होता या बाईला?"

"अहो, ही तर..." वन्सं उत्साहाने पुढे झाल्या. माईने त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून.

"ओळखत होते की," माई म्हणाली. "माझ्याइतकं तिला कोणी ओळखत नव्हतं."

लेकाने डोळे मिटले.

"कशी होती?"

"तोंडाने फाटकी. तिच्याशी भांडायची वसाहतीत कोणाची छाती नव्हती. हाताला चव होती, पण घरच्यांना त्याची किंमत नव्हती. दिसायला ह्या बाहुलीपेक्षा बरी. कंबर सोडा."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "आणि ती खरंच आत गेली? परत आली नाही?"

माईने कोनाड्यातल्या बाईकडे पाहिलं. मग लेकाकडे. त्याच्या कपाळावर घाम होता, एवढ्या गारव्यात. "गेली बिचारी," ती म्हणाली. "फार लवकर गेली. अजून पुष्कळ वर्षं जगली असती. तिचा मुलगा मात्र मोठा झाला म्हणे. आईचं नाव काढलं त्याने. रोज आठवण काढतो. सकाळी दोनदा, दुपारी दोनदा."

लेकाला खोकला आला.

"उत्तम," साहेब म्हणाले. "प्रत्यक्षदर्शी आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला." त्यांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं. "कथा मंजूर. मला आवडली. सात दिवस, कंदील, हे सगळं ठेवा. तो मुलाचा हात धरण्याचा भाग मात्र काढून टाका."

"हाताचा?" लेक म्हणाला.

"हो. तिथे गोष्टीचा वेग मंदावतो. आणि अशी त्यागी बाई शिव्या देते हे शोभत नाही. पुढल्या महिन्यापासून सगळ्या गाईडांनी हेच सांगायचं, छापून देऊ आपण. काढाल ना?"

बोगद्यात थेंब पडत होते. लेक त्या थेंबांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काढतो, साहेब."

स्वतःचं मरण माईने हसत पचवलं होतं, वर साक्षही दिली होती. हे दोन शब्द मात्र तिला पचेनात. सबंध गोष्टीत खरं तेवढंच होतं, आणि नेमकं तेवढंच बूट झाकून आलेल्या माणसाला खुपलं. पण कायमची नोकरी होती. सून बाहेर खिडकीत बसून नखं कुरतडत असेल.

बाहेर पडल्यावर साहेबांनी टेबलावर वाकून सही केली. सुनेने ती सही पाहिली आणि खिडकीतल्या खिडकीत रडून घेतलं. वन्सं तिला साथ द्यायला गेल्या. त्यांना कारण लागत नसे.

लेक नळाखाली तोंड धूत होता. माई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मारायचंच होतं तर मार," ती म्हणाली. "पण एवढी बारीक कशाला केलीस? लोकांना वाटेल उपासमारीनेच गेली."

"आई..." तो वळला. तोंडावरून पाणी गळत होतं. "मी आधी खरंच सांगायचो गं. बाई रोज उभी राहायची, नवरा रोज बाहेर यायचा. लोक विचारायचे, मग काय झालं? मी सांगायचो, मग ते घरी गेले. जेवले. लोकांचे चेहरे असे पडायचे! एक बाई तर म्हणाली, तिकिटाचे पैसे परत द्या."

"रोज घरी आला, हे काहीच नाही?"

"बोगद्यात नाही चालत ते."

"मला तर तेच एक हवं होतं," माई म्हणाली. "रोज." मग तिला आपला आवाज बदलल्यासारखा वाटला, म्हणून तिने घाईने पुढे विचारलं, "तो हात. तुला आठवत होता?"

"दुखायचा, आई. न आठवून कसं चालेल?"

तिने त्याला पदर पुढे केला. त्याने तोंड पुसलं. पदर लाल झाला. तेवढ्यात पुढच्या फेरीची शिट्टी झाली आणि तो लोकांना गोळा करायला गेला. तो भाग काढणार की ठेवणार, हे तिने विचारलं नाही. पोटाचा प्रश्न होता. उत्तर त्याने आत दिलंच होतं.

साहेबांसाठी बोगद्याच्या तोंडाशीच बाकावर चहा आणला होता. पिशव्या काढून त्यांनी बूट पुसायला पाठवले होते. माई दुसऱ्या टोकाला टेकली. बोगदा आतला आवाज कर्ण्यासारखा बाहेर फेकतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. कितीतरी संध्याकाळी तिने तिथे कान लावून काढल्या होत्या. गाणी, पुतळे, सुरुंग झाले. छत कोसळलं. सात दिवस झाले. कंदील पेटला.

आणि मग आतून, स्वच्छ, सावकाश, लेकाचा आवाज आला. "तिचा एक लहान मुलगा होता. त्याला ती बरोबर न्यायची..."

माई ताठ झाली. कायम झालेला माणूस! सहीची शाई वाळायच्या आत! तिला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, कळेना.

साहेबांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी मान तिरकी केली. "हे काय? हे मी आत्ताच काढायला..."

"अहो साहेब!" माई अशी कडाडली की दुकानातल्या बाटल्या किणकिणल्या. "तुम्ही मोठे ना इथले? मग ह्या पायऱ्यांना कठडा का नाही ते सांगा आधी!"

"आजी, एक मिनिट, मला जरा ऐकू..."

"मिनिट कसलं? म्हातारी माणसं उतरतात इथून! परवा एक बाई घसरली, माकडहाड मोडलं तिचं!" असं कोणतंही माकडहाड मोडलं नव्हतं, पण गोष्टी रचणं या घराण्याच्या अंगचंच होतं. "आणि बायकांची मुतारी कुठे बांधलीत? पार टेकडीवर! तिथे चढून जाईपर्यंत बाई थांबेल की काय? तुमच्या कचेरीत बायका नाहीत? घरी आई नाही?"

साहेब उठले, पण पायात बूट नव्हते, आणि खाली सगळी लाल माती. ते परत बसले. माईने पदर खोचला आणि त्यांच्या समोर, बोगद्याला पाठ करून, उभी राहिली. कठड्यावरून ती पिण्याच्या पाण्यावर आली, पाण्यावरून चहाच्या दरावर. वन्संना काहीच कळलं नव्हतं, पण वहिनी भांडते आहे म्हटल्यावर त्याही डोळे पुसून मदतीला आल्या. सुनेने खिडकी अलगद लावून घेतली.

बोलता बोलता माईचा एक कान मागे होता. आत बोटं पांढरी होत होती. मग माणसं बाहेर पडायला लागली, मग ती चाल दिसली, मग हात सुटला. आतले लोक, साहेबांनी शोभणार नाही म्हटलेल्या जागी, खळखळून हसले.

"आणखी काही तक्रार?" साहेबांनी थकून विचारलं.

"तूर्त नाही," माई म्हणाली, आणि त्यांचा गार झालेला चहा त्यांच्या हातात दिला. "पुढची फेरी किती वाजता आहे?"